दहाचाकीचं ॲव्हरेज आणि टाकीची चावी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मी डिझेलच्या पावत्या घेऊन हिशेबाला बसलो, आणि पहिल्यांदा मनात आलं की मामा टाकीतलं डिझेल चोरून काढतायत.

मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. माण तालुक्यातले. नात्यानं मामा नाहीत, पण कळंबोलीत सगळे त्यांना मामाच म्हणतात. अण्णांनी २०११ साली ही गाडी घेतली, टाटाची २५१८, दहाचाकी ट्रक. शोरूममधून ती मामांनीच आणली आणि तेव्हापासून स्टेअरिंग त्यांच्याच हातात आहे. अण्णांचे गुडघे गेल्यावर धंदा माझ्याकडे आला. स्टील मार्केटमधून कॉइल किंवा पत्रा भरायचा, एक्स्प्रेस वेनं घाट चढायचा, तळेगावला उतरून चाकण गाठायचं. येताना माल मिळाला तर ठीक, नाहीतर रिकामी. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, महिन्याला अठराएक खेपा.

हीच गाडी पूर्वी साडेतीनच्या वर ॲव्हरेज द्यायची. माझ्या वहीत आकडा आला ३.०७. डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास असताना लाइनवर कुणालाही विचारा, तो एकच सांगेल : ड्रायव्हर बघ. मी सरळ विचारलं नाही, आडून विचारलं. "मामा, गाडी डिझेल जास्त पितेय हल्ली." मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले, टाकीच्या झाकणाच्या दोन्ही चाव्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "आजपासून झाकण तू उघडायचं. वहीपण तूच लिही." चहा न घेता गेले. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग मी मोजायला लागलो. तोवर मी जे करत होतो त्याला मोजणं म्हणत नाहीत हे तेव्हा कळलं. आज तीन हजारांचं टाकलं, परवा पाच हजारांचं टाकलं, यातून ॲव्हरेज निघत नाही. टाकी गळ्यापर्यंत फुल, गाडी चालवायची, पुन्हा गळ्यापर्यंत फुल, मधे गेलेले लिटर तेवढेच खरे. पण त्यातही खोड्या आहेत. पंपाची जागा थोडी उताराची असली तर टाकीत आठ-दहा लिटरचा फरक सहज पडतो. डिझेलला फेस येतो आणि बंदुक आधीच कट होते. फेस बसेपर्यंत थांबून वर भरावं लागतं. म्हणून एकच पंप, तेच मशीन, गाडी त्याच जागी. दोनशे किलोमीटरच्या एका खेपेला साठ-पासष्ट लिटर लागतं, त्यात आठ-दहा लिटरची चूक झाली तर आकड्याला काही अर्थच उरत नाही. मी पाच खेपा एकत्र धरायचं ठरवलं. तेही जाऊन-येऊन. नुसता जातानाचा आकडा बघितला तर भरलेली गाडी आणि चढ, येतानाचा बघितला तर हलकी गाडी आणि उतार. दोन्ही फसवतात.

आणि मीटर. एक्स्प्रेस वेवर किलोमीटरचे फलक आहेत, त्यांच्याशी मीटर पडताळून बघितला. फलकावरचे ५० किलोमीटर झाले तेव्हा मीटर ४८ दाखवत होता. म्हणजे गाडी मी समजत होतो त्यापेक्षा जास्त चालत होती. माझ्या संशयातला थोडा भाग तर मीटरनंच पैदा केला होता.

पाच खेपा, खरे १००० किलोमीटर, ३१३ लिटर. म्हणजे ३.२. टाकीला कुलूप, चावी माझ्या खिशात, दर वेळी झाकण मी स्वतः उघडलेलं, आणि मीटरच्या हिशेबानं ॲव्हरेज तेच ३.०७. एक थेंबही कुणी काढला नव्हता.

त्या संध्याकाळी मी चावी परत द्यायला गेलो. मामांनी घेतली नाही. म्हणाले, "चोर सापडला का? नाही ना? मग सापडेपर्यंत ठेव तुझ्याकडं." त्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पहिली गोष्ट टायरांची, ती लवकर उरकली. मामा टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, मारून आवाजावरून हवा ओळखतात आणि बाहेरच्या टायरांबाबत ते सहसा चुकत नाहीत. पण मागच्या जोड्यांमधल्या आतल्या टायरापर्यंत टॉमी नीट पोचत नाही, व्हॉल्व्हही आत असतो, आणि पंक्चरवाल्याला घाई असते. सकाळी टायर थंड असताना गेज लावला तर चार आतल्यांपैकी दोन साठ पीएसआयवर होते. या टायरांना भरल्या गाडीत शंभरच्या वर हवा लागते. जोडीतलं एक टायर बसलं की सगळा भार दुसऱ्यावर जातो, आणि बसलेलं नुसतं चिरडत, घासत फिरतं. ते चिरडायची ताकदही डिझेलमधूनच येते. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावून घेतले, दर सोमवारी सकाळी गेज. ३.२ चं ३.३ झालं.

इथं मी घाई केली. लाइनवरच्या दोघा-तिघांनी सांगितलं, पंप (इंजिनला डिझेल पुरवणारा) बघून घे, जुन्या गाडीत दोष पंपातच असतो. एका पंपवाल्याकडे गाडी नेली. त्यानं पंप न काढताच, गाडीवरच स्क्रू फिरवला. वीस मिनिटांचं काम. गाडी एकदम उडायला लागली, घाटात एक गिअर वरचा चालायचा. मला वाटलं, झालं काम. पाच खेपांनंतर वही बघितली तर आकडा तीनच्याही खाली. आरशात बघितलं तर मागं काळा धूर. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग ते जळणार कशात? मी पैसे देऊन टाकीला भोक पाडून घेतलं होतं. मामा एवढंच म्हणाले, "वास येत होता मला."

नंतर जुन्या मिस्त्रींकडे गेलो. अण्णांच्या वेळचे मिस्त्री. त्यांनी इंजिनला हातच लावला नाही. म्हणाले, "आधी गाडी मोकळी आहे का बघ, मग इंजिनला दोष दे." त्यांनी सांगितलेली तपासणी इतकी साधी आहे की प्रत्येक गाडीवाल्यानं ती करावी. कळंबोलीहून निघायचं, सपाटीला ब्रेक शक्यतो न लावता खालापूरपर्यंत जायचं, गाडी हळूच थांबवायची, उतरून प्रत्येक चाकाच्या ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडायचं. घाट उतरून आल्यावर करायचं नाही, तेव्हा सगळेच ड्रम तापलेले असतात.

मी आणि मामा मिळून केलं. पहाटेची वेळ होती, रस्त्याच्या कडेला गाडी लावलेली. पुढची दोन चाकं : पाणी ओघळलं. मधली जोडी : ओघळलं. मग मागच्या डमीचं, म्हणजे इंजिनची ताकद न जाणाऱ्या ॲक्सलचं, डावं चाक. पाणी पडलं आणि चुर्र आवाज होऊन वाफच झाली. मामांनी पुन्हा शिंपडलं. पुन्हा चुर्र. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. गाडी किती महिने एका चाकाला ब्रेक लावून घाट चढत होती कोण जाणे. डमीचं चाक नुसतं मागं फिरतं, त्यामुळे ते अडलं तरी स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही.

गॅरेजमध्ये चाक जॅकवर घेतलं तर हातानं अर्धा फेराही पुरा होईना. ब्रेकच्या कॅम शाफ्टचं बुश ग्रीस न मिळाल्यानं सुकलं होतं, लायनर मागं खेचणारी स्प्रिंग मेली होती, आणि कुणीतरी ब्रेक चांगला लागावा म्हणून ॲडजस्टर जास्तच आवळून ठेवला होता. चारी मागच्या चाकांचं काम करून घेतलं, सहा हजार गेले. पंपवाल्यानं फिरवलेला स्क्रू पहिल्या जागेवर आणला आणि पाच खेपा मोजल्या : ३.५. इंजिनमध्ये एक नट न हलवता.

आता थर्मोस्टॅट, इंजिनचं पाणी हवं तेवढं गरम ठेवणारा वॉल्व्ह. यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण कळंबोलीत निम्म्या जुन्या गाड्यांत तो नसेल असं मला वाटतं.

आमच्या गाडीचा टेंपरेचरचा काटा कायम खाली असायचा. घाटातही पाव भागाच्या फारसा वर जायचा नाही. मला तो चांगल्या तब्येतीचा पुरावा वाटायचा. मिस्त्रींनी तो काटा बघितला, इंजिनवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आजारी आहे." पाण्याच्या नळीचं हाउसिंग खोललं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. मामांना आठवलं : चार-पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात घाटात गाडी गरम झाली होती, तेव्हा रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यानं काढून टाकला होता. आपल्याकडे एवढी गरमी, हा वॉल्व्ह थंड देशातल्या गाड्यांना, असं सांगून.

मिस्त्रींनी समजावलं ते असं. डिझेल इंजिनला नीट जळण्यासाठी आतून गरम असावं लागतं, पाणी ऐंशी अंशांच्या वर. थंड राहिलं तर डिझेल पुरतं जळत नाही, ऑइल जाड राहून ओढ वाढते आणि सिलिंडरचे लायनर-रिंगा लवकर झिजतात. आणि ज्यासाठी तो काढला तेही साधत नाही. या इंजिनमध्ये पाण्याला दोन वाटा आहेत, एक रेडिएटरमधून आणि एक आतल्या आत परत फिरणारी. गरम झाल्यावर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी ती आतली वाट बंद करतो. तो काढला की आतली वाट कायमची उघडी राहते, थोडं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं. म्हणजे सपाटीला इंजिन नको तेवढं थंड, आणि खऱ्या चढाला, जेव्हा रेडिएटरची सगळी गरज असते, तेव्हा तो अर्धवट कामाला. गाडी त्या दिवशी गरम का झाली होती, ते रेडिएटर उतरवल्यावर कळलं. रेडिएटर आणि इंटरकूलर (टर्बोनं दाबलेली हवा थंड करणारी जाळी) यांच्या मधल्या फटीत माती, पिसं, किडे आणि ताडपत्रीचे धागे यांचा गालिचा बसला होता. इंजिनच्या बाजूनं पाणी मारून तो काढला. इंटरकूलरच्या होजचा एक क्लॅम्प सैल होता, नळीवर तेलकट काळा ओघळ होता, तोही आवळला. टर्बोनं दाबलेली हवा तिथून निम्म्या वाटेत बाहेर जात होती.

नवीन थर्मोस्टॅट घालून पहिल्यांदा घाट चढलो तेव्हा मी केबिनमध्ये मामांच्या शेजारी होतो. भरलेली गाडी, मे महिन्यासारखं ऑक्टोबरचं ऊन. खोपोली मागं पडली आणि काटा वर यायला लागला. पाव. पाव ओलांडला. मामांनी हळूच पाय कमी केला. मी म्हटलं, "मामा, राहू द्या." काटा अर्ध्यावर आला. मामांच्या कपाळावर घाम होता आणि माझे तळवे ओले. अर्ध्यावर येऊन तो थांबला आणि बोगदा येईपर्यंत तिथंच उभा राहिला. मामा म्हणाले, "आवाज बदललाय रे." खरंच बदलला होता. तो टकटक करणारा कोरडा आवाज भरीव झाला होता.

मग शेवटी पंपाकडे वळलो, पण या वेळी रीतीनं. तळोज्याच्या बाजूला एक वर्कशॉप आहे जिथं पंप पूर्ण उतरवून टेस्ट बेंचवर लावतात. बेंचवर सहा काचेच्या नळ्या असतात, एकेका सिलिंडरची एक. पंप ठरलेले फेरे फिरवतात आणि प्रत्येक नळीत किती डिझेल पडलं ते बघतात. मी मुद्दाम थांबून बघितलं. सहाही नळ्यांत सारखी पातळी हवी होती. आमच्या नळ्या म्हणजे जिन्याच्या पायऱ्या! तिसरी सगळ्यात वर, पाचवी सगळ्यात खाली. एक सिलिंडर अजीर्ण होईपर्यंत खातोय, एक उपाशी. नोझल तपासले तर सहापैकी दोन फवारा मारायचं सोडून थेंब गाळत होते. नवे नोझल घातले, पंप कंपनीच्या आकड्यांवर बसवला, वर सील मारून घेतलं, कुणी स्क्रूला हात लावू नये म्हणून. टॅपेटही, म्हणजे वॉल्व्हची फट, सेट केले : इनटेक दहा थाउ, एक्झॉस्ट वीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). सगळं मिळून चोवीस हजार. हा सगळ्यात मोठा खर्च होता, आणि तो सगळ्यात शेवटी केला हे बरं झालं. आधी केला असता तर अडलेल्या चाकाला उत्तम जळणारं डिझेल पुरवत बसलो असतो.

या इंजिनबद्दल मला आता वेगळीच माया वाटते. हेच ५.९ लिटरचं इंजिन अमेरिकेत १९८९पासून डॉज रॅम पिकअपमध्ये लागायचं. आपल्याकडे त्यासाठी १९९३ साली टाटा-कमिन्सची कंपनी झाली, कारखाना जमशेदपूरला. त्याची खरी ओढ दीड हजार आरपीएमच्या आसपास आहे. त्यावर त्याला किंचाळायला लावून काही मिळत नाही.

आणि इथून मामांचा भाग सुरू होतो, कारण थोडं डिझेल त्यांच्या सवयीतूनही जात होतं. ते मी त्यांना सांगितलं, आणि संशय घेऊन झाल्यावर सांगणं जड गेलं.

येताना घाट उतरताना मामा न्यूट्रल करायचे. डिझेल वाचतं अशी त्यांची पक्की समजूत, त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांची. हे जिवाशी खेळणं आहे हे त्यांनाही माहीत होतं. सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात. पण वाचतं का? मिस्त्रींनी वाद घातला नाही. बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि मामांचं बोट नोझलला जाणाऱ्या लोखंडी पाइपवर ठेवलं. पाइपमध्ये नाडीसारखे ठोके लागतात, प्रत्येक ठोका म्हणजे डिझेलचा एक घोट. मिस्त्रींनी रेस वाढवली, ठोके जोरात. रेस एकदम सोडली. इंजिन वेगातच फिरत होतं, पण पाइप शांत. ठोका नाही. इंजिन मंदावून आयडलला आलं आणि ठोके पुन्हा सुरू झाले. मिस्त्री म्हणाले, "गिअरमध्ये पाय सोडून उतरलास तर पंप डिझेल बंद करतो. न्यूट्रल केलंस की आयडलचं डिझेल चालू." मामांनी तीनदा करून बघितलं. बोट काढलं आणि काही न बोलता रुमालाला पुसलं. त्या दिवसापासून न्यूट्रल बंद.

दुसरी सवय, लोडिंगच्या रांगेत गाडी चालू ठेवायची. मी एकदा टाकी फुल करून चार तास रांगेनंतर पुन्हा फुल केली : सात लिटर. विचारल्यावर कारण कळलं. बॅटऱ्या मेल्या होत्या. बंद केली तर सेल्फ उचलेल याचा भरवसा नाही, आणि रांगेत धक्का कोण मारणार? त्यात मामांची चूक नव्हती, बॅटऱ्या न बदलणाऱ्या माझी होती. बदलल्या. आता थांबल्यावर गाडी बंद, फक्त घाट चढून आल्यावर टर्बोसाठी दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मग. वेगही पासष्टवरून पंचावन्नवर आणला. पेट्रोलियम खात्याची पीसीआरए ही संस्था ४५ ते ५५ सांगतेच. कळंबोली ते खालापूर यात पाचएक मिनिटं जास्त जातात, बस.

काही गोष्टी फुकट गेल्या. डिझेलच्या नळीवर बांधायचं मॅग्नेट घेतलं, वहीत काडीचा फरक नाही. टाकीत टाकायच्या औषधाचंही तेच. मागच्या ॲक्सलचे गिअर, म्हणजे क्राउन-पिनियन, बदलून गाडी लांब गिअरची करायचा सल्ला मी ऐकला नाही, रोज घाट चढणाऱ्या भरल्या गाडीला ते परवडणार नाही.

जानेवारीत पाच खेपांचा आकडा आला : १००० किलोमीटर, २५७ लिटर. ३.८९. महिन्याला दोनशे लिटर डिझेल कमी, म्हणजे अठरा हजार रुपये. सगळा खर्च साठ हजारांच्या आत होता. नवी बीएस-सहा गाडी घ्यायची माझी ऐपत आज नाही, आणि या आकड्यावर ही अजून काही वर्षं ओढेल.

त्याच रात्री दोन्ही चाव्या घेऊन मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, चोर सापडले. एक डमीच्या चाकात होता, एक काढून फेकलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी, दोन नोझलमध्ये. माझ्या डोक्यात होता तोही. मला माफ करा." मामांनी एक चावी खिशात घातली आणि दुसरी मला परत दिली. "एक मालकाकडं असावी," म्हणाले. मग आत ओरडून चहा टाकायला सांगितला.

गेल्या आठवड्यात आकडा पुन्हा ३.७ वर उतरला. मी वहीत डोकं घालून बसलो होतो, तेवढ्यात मामांचा खालापूरवरून फोन. बाटली आता कायम केबिनमध्ये असते. "उजवीकडचं मधलं चाक," मामा म्हणाले, "आज चुर्र झालं बघ. उद्या मिस्त्रीकडं टाकतो, भाडं घेऊ नकोस."